व्हिजनफाइव्ह २ वर लिनक्स: एसडी कार्डापासून एनव्हीएमईपर्यंत

इंटेल किंवा एएमडीच्या पीसीवर लिनक्स टाकायची आपली सवय ठरलेली आहे. पेनड्राइव्हवर आयएसओ उतरवायची, एफ१२ दाबून मेनूतून पेनड्राइव्ह निवडायचा आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचं. रिस्क-फाइव्ह, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी अशी प्रोसेसरची खुली जात, तिच्या बोर्डावर हीच सवय नडते. तिथे एफ१२ नाही, बायोसचा निळा पडदा नाही. काही चुकलं तर मॉनिटर नुसता काळा राहतो, आणि बोर्डच खराब निघाला असं वाटून माणूस तो परत पाठवायच्या तयारीला लागतो. बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चालू केल्यावर त्यात कोण कोणाला उठवतं हे माहीत नसतं, एवढीच अडचण.

म्हणून या लेखात पायऱ्या आहेतच, पण बूटची साखळी आणि सीरियल केबल या दोन गोष्टींना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. त्या कळल्या की बाकीचं काम सरळ आहे.

उदाहरणाला स्टारफाइव्हचा व्हिजनफाइव्ह २ घेतो. जेएच७११० ही चिप, त्यात सायफाइव्हचे यू७४ जातीचे चार कोर, कमाल वेग १.५ गिगाहर्ट्झ. रॅम २, ४ किंवा ८ जीबी, आणि ती सोल्डर केलेली, म्हणजे नंतर वाढवता येत नाही. डेस्कटॉप म्हणून वापरायचा असेल तर ८ जीबीवालाच घ्या. एचडीएमआय, चार यूएसबी ३.०, दोन इथरनेट, मायक्रोएसडीची खाच, ईएमएमसी, म्हणजे छोटं साठवण-मॉड्यूल, लावायची जागा आणि खालच्या बाजूला एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ स्लॉट आहे. वेगाबद्दल आधीच सांगून ठेवतो: हा रास्पबेरी पाय ४ च्या मागे पडतो. लिहिणं, कोड करणं, टर्मिनल, हलक्या वेबसाइटी इथपर्यंत ठीक. घरातला मुख्य संगणक म्हणून घेणार असाल तर नका घेऊ.

घेण्याआधी फुकटात चाखून बघा

बोर्ड अजून घेतला नसेल तर साध्या लिनक्स लॅपटॉपवर क्यूईएमयू, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाका. त्यात ‘व्हर्ट’ नावाचं रिस्क-फाइव्हचं काल्पनिक यंत्र असतं. डेबियन आणि उबुंटूमध्ये यू-बूट-क्यूईएमयू आणि ओपनएसबीआय ही पॅकेजेस तयार मिळतात, त्यांच्या जोरावर रिस्कव्ही६४ ची, म्हणजे ६४ बिटांच्या रिस्क-फाइव्हसाठीची, इमेज उठते. चालते संथ, पण आपल्याला लागणारी सॉफ्टवेअर या आर्किटेक्चरला आहेत की नाहीत हे पैसे न घालवता कळतं. ‘एपीटी सर्च’ करून आपली यादी तपासा, मग खरेदीचं ठरवा.

कोणतं लिनक्स?

इथे तीन रस्ते आहेत, आणि कुठला धरायचा हे कार्ड लिहिण्याआधी ठरवायचं.

पहिला, स्टारफाइव्हने स्वतः बनवलेली डेबियनची इमेज. तिच्यात कंपनीचा कर्नल आणि इमॅजिनेशनच्या जीपीयूचा ड्रायव्हर असतो. एचडीएमआयवर चित्र येतं, डेस्कटॉप उघडतो. तोटा असा, की ती डेबियनच्या एका ठरावीक तारखेला गोठवलेली आहे. नवी पॅकेजेस ओढायला गेलात तर जीपीयूसाठी जुळवलेल्या मेसा वगैरे ग्राफिक्सच्या लायब्रऱ्यांवर नव्या आवृत्त्या बसतात आणि डेस्कटॉप गायब होतो.

दुसरा, डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ही डेबियनची पहिली स्थिर आवृत्ती, जिच्यात रिस्कव्ही६४ अधिकृतपणे आहे. अपडेट वेळेवर, सगळं स्वच्छ. पण तिच्या ६.१२ कर्नलमध्ये जेएच७११० च्या डिस्प्लेचा ड्रायव्हर नाही, म्हणून एचडीएमआय मुकं राहतं. घरचा छोटा सर्व्हर, बिल्ड मशीन, शिकण्याचं यंत्र यासाठी उत्तम. मॉनिटर जोडून बसायचं असेल तर हा रस्ता नाही.

तिसरा, उबुंटू २४.०४. या बोर्डासाठी तिची तयार सर्व्हर इमेज आहे आणि तिचा नेहमीचा पाठिंबा २०२९ पर्यंत आहे. मात्र ‘नवी आवृत्ती ती चांगली’ या हिशेबाने २५.१० किंवा त्यापुढची उतरवू नका. ती या बोर्डावर चालणार नाही.

ती का चालत नाही हे समजून घेतलं तर पुढे कुठलाही रिस्क-फाइव्ह बोर्ड घेताना उपयोग होईल. बोर्ड सुरू झाल्यावर ‘प्रॉक’ मधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल उघडा. तिथे आयएसए या नावासमोर आरव्ही६४आयएमएएफडीसी अशी आगगाडी दिसते. तिच्यातला प्रत्येक डबा म्हणजे सूचनांचा एक गट: आय म्हणजे पूर्णांकांची मूळ कामं, एम गुणाकार-भागाकार, ए अनेक कोर एकाच वेळी मेमरीला हात लावतात तेव्हाच्या अतूट क्रिया, एफ आणि डी दशांश गणित, सी आखूड केलेल्या सूचना. या ओळीत व्ही नाही, म्हणजे एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या व्हेक्टर सूचना नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्क्या झालेल्या आरव्हीए२३ या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कुठले गट असायलाच हवेत याच्या यादीत, व्हेक्टर सक्तीचे आहेत आणि उबुंटूने २५.१० पासून तेच किमान धरलं. यू७४ मध्ये ते सिलिकॉनच नाही, त्यामुळे कुठल्याही अपडेटने ही उणीव भरून निघणार नाही. खरेदीच्या वेळी कोरच्या संख्येआधी ही ओळ विचारा.

या लेखात मुख्यतः पहिला रस्ता धरतो, कारण विषय डेस्कटॉपचा आहे. दुसऱ्याबद्दल शेवटाकडे.

जमवायचं सामान

किमान १६, शक्यतो ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं मायक्रोएसडी कार्ड. ५ व्होल्ट, ३ अँपिअर देणारा टाइप-सी चार्जर. जुन्या फोनचा चार्जर लावला तर यूएसबीला एसएसडी किंवा वायफाय डोंगल जोडताच बोर्ड मध्येच रीसेट होतो, आणि दोष मात्र लिनक्सला लागतो. छोटा हीटसिंक, जमल्यास पंखा. इथरनेटची केबल. बोर्डावर वायफाय नाही, काही पॅकमध्ये डोंगल येतं, पण पहिल्या दिवशी केबलवरच भागवा.

आणि यूएसबी ते टीटीएल सीरियल केबल, ३.३ व्होल्टची. सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपवाली कुठलीही चालेल, दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. ही ‘लागली तर घेऊ’ या यादीत टाकू नका. माझ्या मते मॉनिटरच्याही आधी हिची ऑर्डर द्यावी. काही सीएच३४० मॉड्यूलवर ५ आणि ३.३ व्होल्ट निवडायचा जंपर असतो, तो ३.३ वर आहे ना हे जोडण्याआधी बघा.

बोर्ड उठतो कसा

वीज दिली की चिपच्या आतला छोटा रॉम सर्वात आधी जागा होतो. त्याला एकच गोष्ट ठरवायची असते: पुढचा कोड कुठून आणायचा. ते तो बोर्डावरच्या दोन बारीक स्विचांवरून वाचतो, ज्यांच्या बाजूला आरजीपीआयओ ० आणि आरजीपीआयओ १ असं छापलेलं आहे. दोन्ही ० वर असतील तर बोर्डावरच्या क्यूएसपीआय फ्लॅश या छोट्या मेमरी चिपमधून. नुसता आरजीपीआयओ ० हा १ वर असेल तर एसडी कार्डावरून. नुसता आरजीपीआयओ १ हा १ वर असेल तर ईएमएमसीवरून. दोन्ही १ वर असतील तर सीरियल केबलवरून, म्हणजे दुरुस्तीची पद्धत.

रॉम जे आणतो त्याचं नाव एसपीएल. त्याचं मुख्य काम रॅम चालू करणं. रॅम चालू झाली की एसपीएल ओपनएसबीआय आणि यू-बूट यांना आत आणतो. ओपनएसबीआय हा मशीन मोडमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या अधिकारात राहतो, आणि लिनक्सला टायमर, कोर चालू-बंद करणं, रीसेट असल्या सेवा पुरवतो. लिनक्स सुरू झाल्यावरही तो मागे हजर असतो. यू-बूट हा आपल्या ओळखीच्या बायोसच्या सगळ्यात जवळचा: तो कार्ड, ईएमएमसी, एनव्हीएमई धुंडाळतो, ‘एक्स्टलिनक्स’ नावाच्या फोल्डरमधली कॉन्फ फाइल शोधतो आणि त्यात सांगितलेला कर्नल, इनिटआरडी (सुरुवातीपुरती छोटी फाइल सिस्टिम) आणि डिव्हाइस ट्री रॅममध्ये भरून त्याला धावायला सोडतो.

डिव्हाइस ट्री म्हणजे या बोर्डावर कुठल्या पत्त्यावर काय जोडलेलं आहे याची फाइल. पीसीवर ही माहिती फर्मवेअरमधलं एसीपीआय देतं, इथे ती फाइल देते. म्हणूनच ‘रिस्कव्ही६४ ची इमेज आहे ना, मग चालेल’ हे गृहीत धरता येत नाही. प्रोसेसर तोच असला तरी दुसऱ्या बोर्डाची फाइल घेऊन उठलेला कर्नल यूएसबी भलत्याच जागी शोधत बसतो.

आता स्विच. लोकांचा कल असा, की कार्डावरून लिनक्स चालवायचं म्हणजे स्विचही एसडीवर ठेवायचे. तसं करू नका. दोन्ही ० वर, म्हणजे फ्लॅशवर ठेवा. एसडी आणि ईएमएमसीच्या पद्धतीत कधीमधी बूट फसतं, म्हणून खुद्द स्टारफाइव्हही फ्लॅशचीच शिफारस करते. एसपीएल आणि यू-बूट फ्लॅशमधून येतात, तिथून पुढे यू-बूट कार्ड शोधतो. स्विच नखाने हलत नाहीत, टोकदार काडी घ्या, आणि वीज बंद असतानाच हलवा.

कार्ड लिहिणं

स्टारफाइव्ह एसडी, ईएमएमसी आणि एनव्हीएमई यांसाठी वेगवेगळ्या फाइली देते. नावातच ते लिहिलेलं असतं, एसडीची घ्या. फाइल बीझेड२ मध्ये दाबलेली असते. चेकसम दिलेलं असेल तर जुळवून बघा. आपल्याकडच्या नेटवर दोनदा तुटून पूर्ण झालेलं डाउनलोड हे ‘कर्नल पॅनिक’चं एक अगदी साधं कारण असतं.

विंडोजवर किंवा ज्यांना टर्मिनलची धास्ती आहे त्यांनी बलेना एचर वापरावं. दाबलेली फाइल तशीच दिली तरी ते उलगडून लिहितं. लिनक्सवर ‘डीडी’ वापरणार असाल तर आधी कार्ड न लावता ‘एलएसबीएलके’ चालवा, मग कार्ड लावून पुन्हा चालवा. दुसऱ्या यादीत जे नवं दिसेल तेच कार्ड. यूएसबी रीडरमध्ये असेल तर एसडीबी किंवा एसडीसी, लॅपटॉपच्या खाचेत असेल तर एमएमसीबीएलके०. ‘डीडी’ला पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, एसडीबी१ असं पार्टिशनचं नाही. ब्लॉक साइझ ४ एमबी ठेवा, ‘कन्व्ह’मध्ये एफसिंक द्या, म्हणजे सगळं खरोखर कार्डावर उतरल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येणार नाही.

लिहून झाल्यावर ‘एलएसबीएलके’मध्ये चार पार्टिशन दिसतील. पहिली दोन चिमुकली, एसपीएल आणि यू-बूटसाठी. तिसरं फॅट स्वरूपाचं बूट पार्टिशन, चौथं एक्स्ट४, ज्यात खरं लिनक्स आहे. विंडोजला यातलं फॅट तेवढं समजतं आणि बाकीचं ‘फॉरमॅट करू का?’ असं ते विचारतं. नाही म्हणा.

सीरियल केबल जोडा

बोर्डावर ४० पिनांची दुहेरी ओळ आहे. त्यातली ६ क्रमांकाची पिन ग्राउंड, ८ वी टीएक्स, १० वी आरएक्स. केबलचा ग्राउंड ६ ला, केबलचा आरएक्स ८ ला आणि केबलचा टीएक्स १० ला, म्हणजे आडवातिडवा. केबलची लाल, वीज देणारी तार मोकळीच सोडा, कुठेही लावू नका.

लॅपटॉपवर पुट्टी, स्क्रीन किंवा मिनीकॉम उघडा. वेग १,१५,२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मिनीकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतो, तो बंद करा. नाही केला तर बोर्डाचे संदेश दिसतात, पण तुम्ही टाइप केलेलं एकही अक्षर तिकडे पोचत नाही. आणि लॅपटॉप परवानगी नाकारत असेल तर स्वतःला डायलआउट गटात घालून एकदा लॉगआउट करा.

आता कार्ड खाचेत सरकवा, इथरनेट आणि एचडीएमआय जोडा, सगळ्यात शेवटी वीज द्या.

काही क्षणांत अक्षरं धावू लागतील: आधी यू-बूट एसपीएलची ओळ, मग ओपनएसबीआयचं मोठ्या अक्षरातलं नाव आणि त्याखाली हार्टची माहिती. हार्ट म्हणजे हार्डवेअर थ्रेड, रिस्क-फाइव्हच्या जगात कोरला असंच म्हणतात. इथे क्रमांक १ ते ४ चे हार्ट लिनक्सकडे जातात. ० क्रमांकाचा एस७ नावाचा छोटा देखरेखीचा कोर आहे, तो लिनक्स वापरत नाही. त्यानंतर यू-बूटचा छोटा मेनू, दोन-तीन ओळींचा. काही दाबलं नाही तर पहिलीच ओळ धरून तो पुढे जातो.

गाडी कुठे अडली हे आता स्क्रीनवर वाचता येतं. काहीच येत नसेल तर वीज, ग्राउंडची तार आणि आरएक्स-टीएक्सची अदलाबदल तपासा. नुसता सी, सी, सी असा पाऊस पडत असेल तर दोन्ही स्विच १ वर आहेत आणि रॉम केबलवरून फाइल यायची वाट बघतोय. ‘स्टारफाइव्ह’ हे नाव आणि पुढे हॅशचं चिन्ह अशा प्रॉम्प्टवर थांबला असेल तर फर्मवेअर ठीक आहे, पण उठवण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणजे कार्ड पुन्हा लिहा किंवा दुसरं घ्या. कर्नलचे संदेश भराभर येऊन ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ला अडकला असेल तर कर्नल मिळाला, पण त्याला सांगितलेलं रूट पार्टिशन त्या नावाने तिथे नाही. एसडीची खाच म्हणजे एमएमसीबीएलके१ आणि ईएमएमसी म्हणजे एमएमसीबीएलके०. एकाची इमेज दुसऱ्यावर लिहिली की हेच होतं. या सगळ्यात एचडीएमआयचा पडदा सारखाच काळा दिसतो, म्हणून केबलचा एवढा आग्रह.

लॉगिन झाल्यावर

स्टारफाइव्हच्या इमेजमध्ये वापरकर्त्याचं नाव ‘यूजर’ आणि पासवर्ड ‘स्टारफाइव्ह’, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. रूटचाही पासवर्ड तोच. जगजाहीर पासवर्ड असलेला संगणक राउटरला जोडून ठेवायचा नाही, म्हणून सगळ्यात आधी ‘पासडब्ल्यूडी’ चालवून दोन्ही बदला.

मग घड्याळ बघा. वेळ मागे राहिली असेल तर ‘एपीटी अपडेट’ ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशी तक्रार करतं आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. लोक अशा वेळी नेट तपासत बसतात. ‘डेट’ कमांड मारा, चूक असेल तर टाइमसिंक चालू करा आणि टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा.

कार्ड ३२ जीबीचं असलं तरी रूट पार्टिशन इमेजएवढंच असतं. ‘पार्टेड’ने एमएमसीबीएलके१ उघडून चौथ्या पार्टिशनला ‘रीसाइझपार्ट’ने १०० टक्के करा आणि मग ‘रीसाइझ२एफएस’ एमएमसीबीएलके१पी४ वर चालवा. चालू असलेल्या रूटवरही एक्स्ट४ वाढतं, बंद करायची गरज नाही. ‘डीएफ’ने खात्री करा.

आता सगळ्यात मोठा मोह: ‘एपीटी फुल-अपग्रेड’. या इमेजवर तो आवरा. ‘एपीटी इन्स्टॉल’ने एकेक पॅकेज घ्यायला हरकत नाही. पण एपीटी जेव्हा ‘मेसा किंवा एक्सऑर्गच्या एवढ्या लायब्रऱ्या बदलतो’ असं म्हणेल, तेव्हा एन दाबा. अशा पॅकेजांना ‘एपीटी-मार्क होल्ड’ने बांधून ठेवलेलं बरं.

मराठीसाठी तीन गोष्टी लागतात. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’मधून एमआर_आयएन निवडा. फॉन्टसाठी लोहितचं मराठी पॅकेज किंवा नोटो घ्या. लोहित मराठीचा ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, नुसत्या देवनागरी फॉन्टमध्ये ते बरेचदा हिंदी वळणाचे येतात. टायपिंगला कीबोर्डच्या यादीतच मराठी इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक आहेत. आणखी पर्याय हवे असतील तर आयबस-एम१७एन टाका. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्ससाठी मराठीची वेगळी भाषा-पॅकेजेस आहेत. यातलं काहीही प्रोसेसरवर अवलंबून नाही, त्यामुळे इंटेलवर जसं चालतं तसंच इथे.

फर्मवेअर नवं करणं

एनव्हीएमईवर जायच्या आधी हे करायचं, कारण बोर्डासोबत आलेला जुना यू-बूट एनव्हीएमईवरून उठवेलच असं नाही. स्टारफाइव्हच्या गिटहबवरच्या व्हिजनफाइव्ह २ च्या रिलीजमधून दोन फाइली लागतात: एक एसपीएलची, जिच्या नावाचा शेवट ‘नॉर्मल डॉट आउट’ असा आहे, आणि दुसरी ‘एफडब्ल्यू पेलोड’ची, जिच्यात ओपनएसबीआय आणि यू-बूट एकत्र आहेत. दोन्ही एकाच रिलीजमधल्या घ्या.

एमटीडी-युटिल्स टाका आणि ‘प्रॉक’ मधली ‘एमटीडी’ फाइल वाचा. तिथे फ्लॅशच्या भागांची नावं येतात. एसपीएल एमटीडी० वर असतो. यू-बूट मात्र काही इमेजमध्ये एमटीडी१ वर तर काहींत एमटीडी२ वर असतो, मध्ये यू-बूटच्या सेटिंगचा भाग येतो म्हणून. इंटरनेटवरून कमांड जशीच्या तशी उचलली की इथेच हात पोळतात. समोरच्या यादीत नाव वाचायचं आणि मगच ‘फ्लॅशसीपी’ला तो क्रमांक द्यायचा.

लोडशेडिंगची वेळ असेल तर थांबा किंवा बोर्ड इन्व्हर्टरवर घ्या. लिहिताना वीज गेलीच तरी बोर्ड कायमचा जात नाही. दोन्ही स्विच १ वर करायचे, सी-सी-सी दिसलं की एक्समोडेमने, म्हणजे सीरियलवरून फाइल पाठवायच्या पद्धतीने, स्टारफाइव्हची रिकव्हरी फाइल पाठवायची. मग एक मेनू येतो, त्यातून एसपीएल आणि पेलोड पुन्हा लिहायचे. १,१५,२०० च्या वेगाने पेलोड जायला चांगला वेळ लागतो, पण जातो. झाल्यावर स्विच परत ० वर.

एनव्हीएमईवर मुक्काम हलवा

डेस्कटॉप म्हणून वापरायचं तर कार्डावर राहू नये. ब्राउझर आणि ‘एपीटी’ सतत लहान लहान फाइली लिहितात, आणि तिथेच कार्ड दम सोडतं. बोर्डाच्या एम.२ ला पीसीआयई २.० ची एकच लेन आहे, म्हणून महागडी एसएसडी घेण्यात अर्थ नाही. साधी २५६ जीबीची पुरे. मात्र ती एनव्हीएमईच हवी, एम.२ आकाराची साटा एसएसडी तिथे चालत नाही.

एसएसडी लावून कार्डावरूनच उठा आणि ‘एलएसबीएलके’मध्ये एनव्हीएमई०एन१ दिसते ना ते पाहा. एनव्हीएमईसाठीची इमेज पेनड्राइव्हवरून आणा किंवा तिथेच उतरवा, उलगडा आणि ‘डीडी’ने एनव्हीएमई०एन१ वर लिहा. बोर्ड बंद करा, कार्ड काढा, चालू करा. यू-बूटला कार्ड सापडत नाही, मग तो एनव्हीएमईकडे वळतो. उठल्यावर पासवर्ड, घड्याळ, पार्टिशन वाढवणं हे सगळं पुन्हा एकदा.

कार्डावर बरंच काही बसवून झालं असेल आणि पुन्हा शून्यापासून नको असेल, तर दुसरी वाट आहे. एनव्हीएमईवर एक्स्ट४ पार्टिशन करा, ‘आरसिंक’ने रूट तिकडे उतरवा (‘-एएक्सएचएव्ही’ आणि ‘वन-फाइल-सिस्टिम’ देऊन), नव्या पार्टिशनमधली एफस्टॅब सुधारा. मग कार्डावरच्या चालू सिस्टिममध्ये ‘ईटीसी/डिफॉल्ट/यू-बूट’ या फाइलीत रूट म्हणून एनव्हीएमई०एन१पी१ लिहा आणि ‘यू-बूट-अपडेट’ चालवा. एक्स्टलिनक्सची कॉन्फ फाइल हातानेही बदलता येते, पण पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने तयार होते आणि तुमचा बदल पुसला जातो. या पद्धतीत कार्ड खाचेतच राहतं, फक्त उठवण्यापुरतं.

डेबियन १३ हवं असेल तर

त्यासाठी मूळ प्रकल्पाचा यू-बूट लागतो. डेबियनमध्ये तो यू-बूट-स्टारफाइव्ह या पॅकेजमध्ये आहे, वर सांगितल्याप्रमाणेच फ्लॅशमध्ये लिहायचा. मग रिस्कव्ही६४ ची नेटइन्स्ट आयएसओ पेनड्राइव्हवर टाकायची. नवा यू-बूट ईएफआयची भाषा बोलतो, म्हणून पेनड्राइव्हवरचा ग्रब सापडतो आणि तिथून पुढे डेबियनचा ओळखीचा इन्स्टॉलर चालतो, फक्त सगळं सीरियल केबलवर. पार्टिशन करताना एनव्हीएमई निवडा, शेवटी एसएसएच सर्व्हरवर खूण करा, डेस्कटॉपवरची खूण काढा. नंतर स्टारफाइव्हच्या इमेजकडे परतायचं झालं तर त्यांचं फर्मवेअर पुन्हा लिहायचं. एकाच यू-बूटवर दोन्ही नांदवायचा हट्ट नको.

काय मिळेल, काय नाही

फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, जीसीसी, पायथन, गो, रस्ट हे सगळं आहे. गूगल क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड यांची अधिकृत पॅकेजेस नाहीत. वाइडव्हाइन हा चित्रपटांचं कुलूप उघडणारा भाग नसल्यामुळे ओटीटीवरचे संरक्षित चित्रपट दिसत नाहीत. चिपमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ उलगडणारं हार्डवेअर आहे, पण ते कंपनीच्या इमेजमधल्या एफएफएमपेगसारख्या जुळवलेल्या प्रोग्रामांपुरतं. ब्राउझरमधला यूट्यूब सीपीयूवरच चालतो, तेव्हा रिझोल्यूशन खाली आणा.

पायथनवाल्यांना एक सूचना: ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ मारलं आणि या आर्किटेक्चरसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळालं नाही, की ते सोर्समधून कंपाइल व्हायला लागतं. चार यू७४ कोरांवर त्याला वेळ लागतो आणि ४ जीबी रॅम असेल तर मोठी पॅकेजेस अर्ध्यात मरतात. ‘एपीटी’मधलं पायथन३-नमपाय घ्या, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करताना सिस्टिमची पॅकेजेस दिसू देणारा पर्याय चालू ठेवा. डॉकरचंही तसंच. डेबियन, उबुंटू, अल्पाइन यांच्या रिस्कव्ही६४ इमेज आहेत, पण इतर कुठल्याही इमेजबाबत आधी आर्किटेक्चरची यादी बघा, नाहीतर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ ठरलेला.

एखादा प्रोग्राम फक्त इंटेलसाठीच मिळत असेल तर बॉक्स६४ करून बघता येतं. ते सूचनांचं चालता-चालता भाषांतर करतं आणि रिस्क-फाइव्हसाठी त्याला स्वतःचा डायनारेक, म्हणजे हे भाषांतर वेगाने करणारा भाग, आहे. छोटी कामं होतात, मोठ्या गेमची आशा धरू नका. डेबियनच्या भांडारातल्या आवृत्तीपेक्षा सोर्समधून बांधलेली आवृत्ती बहुधा पुढची असते. बांधायला ‘सीमेक’ आणि जीसीसी एवढं लागतं, आणि बोर्डावर पंखा बसवून ठेवला असेल तर चारही कोर एकदम लावायला हरकत नाही.